पायरीवरचा डबा

टॅनर्स कोव्ह, मेन
४ एप्रिल २०१२

श्रीमती फिलब्रूक यांना,

अंगात ती आग घेऊन, त्या वाऱ्यात, तुम्ही बेटावरून आईच्या दफनाला आलात हे मी विसरणार नाही. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तुम्ही म्हणालात, "तिला जे देत होतास ते आता मला दे," आणि मी हो म्हणालो. घरी आल्यावर लक्षात आलं की हो म्हणणं सोपं होतं, नियम सांगायचे राहिलेच. फोन केला की तुमच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून देता. म्हणून लिहितो.

डॉक्टरांचा कागद पोचला. नागीण बरी झाल्यावर मागे राहिलेली कळ, असं त्यांनी लिहिलंय. तेवढ्यावर आपलं राज्य तुम्हाला गांजा औषध म्हणून घेऊ देतं, आणि तो तुमच्यासाठी लावायची परवानगी मला देतं. तुमच्या कार्डावर 'रुग्ण' असेल, माझ्या कार्डावर 'काळजीवाहू'. तुमच्या नावाची सहा झाडं आईच्या शिवणाच्या खोलीत दिव्यांखाली वाढतील. खोलीला कुलूप, किल्ली फक्त माझ्याकडे. झाडांवर हक्क तुमचा, मी नुसता राखणदार. काळजीवाहू एकच करता येतो, पण तो पसंत नसला तर कारण न सांगता कधीही काढून टाकता येतो. तोही तुमचा हक्क. मला राग येणार नाही. आला तरी मी दाखवणार नाही.

औषध मी स्वतः आणून हातात देईन. टपालाने कधीच पाठवणार नाही, कारण टपाल वॉशिंग्टनचं, म्हणजे केंद्र सरकारचं, आणि वॉशिंग्टनच्या लेखी हा अजून गुन्हाच आहे. केंडल एम्सच्या डाकबोटीतूनही नाही. कप्तानाचा परवाना वॉशिंग्टन देतं. त्याच्या बोटीवर हे सापडलं तर परवाना गेला, आणि डाकबोट नसली तर तुमच्या बेटाचं काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून मी माझ्या होडक्यातून येईन, महिन्यातून एकदा. पाणीसुद्धा वॉशिंग्टनचंच आहे म्हणतात, पण तो धोका माझा.

तुमच्यावर जबाबदारी एकच. हे औषध फक्त तुमचं. दुसऱ्या कोणाला त्यातला कणसुद्धा द्यायचा नाही, मग तो कितीही जवळचा असो आणि त्याचं कितीही दुखत असो. मी सगळ्याच पेशंटांना हे सांगतो, म्हणून तुम्हालाही सांगितलं.

आपला,
एल्विन डायर


लिटल हेक बेट
१९ एप्रिल

एल्विन,

मी तुला अहोजाहो करणार नाही. तुझी आई आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो, आणि तुझं नाव एल्विन ठेवू नको असं तिला सांगणारी मीच. मला श्रीमती फिलब्रूक म्हणू नकोस. तसं फक्त करखातं म्हणतं. व्हर्ना म्हण. तुझी जीभ लाजाळू आहे हे मला माहीत आहे, तेव्हा जमत नसेल तर व्हर्नामावशी म्हण.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू असा लिहितोस की सरकारलाच पत्र लिहितोयस आणि चुकून माझ्या पत्त्यावर आलंय. नियम कळले. मी काही दूधखुळी नाही.

तुझ्या डॉक्टरांना म्हणावं, कळ नव्हे ती, चूल आहे. नागीण उजव्या कुशीला निघाली, बरी झाली, पण जाताना चूल पेटती ठेवून गेली. सदऱ्याचं कापड लागलं तरी जीव जातो. कोणी मिठी मारायला आलं तर मी मागे सरते. अर्थात मिठी मारायला इथे रांग लागलेली नाही. हिवाळ्यात सात घरांतून धूर निघतो, आणि त्यातल्या दोन घरांचं एकमेकांशी बोलणं नाही.

तुझी आई बेट सोडून गेली तेव्हा तू पाळण्यात होतास, तेव्हा आमची रीत तुला ठाऊक नसेल. इथे कोणाकडे काही जास्त झालं की ते दुसऱ्याच्या पायरीवर जातं. दार वाजवायचं नाही, चिठ्ठी ठेवायची नाही. आभार तर मुळीच मानायचे नाहीत, आभार बाहेरचे लोक मानतात. डबा परत करायचा, पण रिकामा नाही, एवढंच पाळायचं. तू पहिल्यांदा येशील तेव्हा माझ्या पायरीवर काही दिसलं तर ओलांडून आत ये. औषध मात्र हातातच दे. पायरीवर ठेवलंस तर अर्धं गाव बरं होईल.

व्हर्ना


टॅनर्स कोव्ह
२४ जून

व्हर्नामावशी,

तुम्ही म्हणालात म्हणून लिहितोय. पेन अडखळलं, पण झालं.

परवा दिलेलं लोणी थंड जागी ठेवा. त्यात औषध उतरलेलं आहे, तेव्हा ते पावाला लावून खायचं लोणी नव्हे. तुम्ही त्याची काकवीची बिस्किटं करणार म्हणालात ते चांगलं. झोपताना एकच बिस्कीट, आणि परिणाम दिसायला वेळ लागला तरी दुसरं खायचं नाही. आईने एकदा दोन खाल्ली होती आणि तिला वाटलं की स्वयंपाकघरातलं घड्याळ तिच्यावर रागावलंय.

माशांचा रस्सा फार छान होता. मला इतका वेळ बसायचं नव्हतं. एरवी मी औषध देऊन निघतो, बाकीचे पेशंट वाट बघत असतात. पण तुमच्या खिडकीतून भरती बघत बसलो आणि वेळ गेला. केंडलने धक्क्यावर माझी दोरी धरली ती एका हाताने, दुसरा हात त्याच्या कमरेवर होता. त्या वयात पाठ अशी जायला नको. दोन लहान मुली आहेत त्याला.

कमी-जास्त जे वाटेल ते कळवा. तुम्ही कळवलंत तरच मला मात्रा ठरवता येते.

एल्विन


लिटल हेक बेट
१६ सप्टेंबर

एल्विन,

मात्रा तशीच राहू दे. आग तशीच आहे. कमी करू नकोस. उलट थंडी पडायच्या आत एक फेरी जास्तीची झाली तर बरं, कारण थंडीत कूस जास्त जाळते असं डॉक्टर म्हणालेच होते.

मी काय करते विचारलं होतंस. शेवंडांच्या पिंजऱ्यांची जाळी पुन्हा विणायला घेतलीत. समोरच्या हार्लन बीलने सुतळीचं बंडल पायरीवर टाकलं, म्हणजे विण असा त्याचा अर्थ. मागच्या बागेतली सफरचंदं शिडीवर चढून काढली. कोण काढणार दुसरं? शाळेच्या खिडक्या रंगवायला गेले होते. शाळा म्हणजे केंडलच्या दोघी मुली आणि एक मास्तरीण. तिघी मिळून एवढा गलका करतात की माझं यंत्र न घालतासुद्धा ऐकू येतं. त्या आवाजासाठी मी रंगाचा ब्रश उगाचच जास्त वेळ फिरवत राहिले.

लेस्टर गेला, मी विधवा झाले, तेव्हा लोक म्हणाले, सवय होईल. कशाची सवय होते ते सांगू? ताट एकच काढायची होते. बोलणं मनातल्या मनात आवरायची होते. पण रविवारी संध्याकाळी धक्क्यावरचा दिवा लागतो आणि आता बुधवारपर्यंत कोणी येणार नाही हे कळतं, त्याची नाही होत. तू येतोस त्या दिवशी मी सकाळपासून खिडकीत असते. हे तुला सांगू नये असं ठरवलं होतं.

ये. औषध घेऊन ये.

व्हर्ना


टॅनर्स कोव्ह
८ ऑक्टोबर

व्हर्नामावशी,

आग कमी नाही हे वाचून वाईट वाटलं. शिडीवर चढू नका. अंगात आग असताना माणूस शिडीवर चढतो म्हणजे काय! तुमचा हा स्वभाव आईने सांगितला होता. दुखलं तरी दाखवायचं नाही. म्हणून तुम्ही 'तशीच आहे' लिहिता तेव्हा मी मनात धरतो की वाढलेलीच असणार. लोण्यात थोडं जास्त घातलंय.

दोन फेऱ्या करीन. अडचण नाही. गावात राज्याने परवानगी दिलेलं मोठं दुकान उघडलंय, पांढरेशुभ्र दिवे, काचेच्या बरण्या, आत गेलं की दंतवैद्याकडे आल्यासारखं वाटतं. लोक तिकडे जातात. माझे पेशंट मात्र टिकून आहेत, त्यांना ओळखीचा माणूस लागतो. तेव्हा खोली भरलेली आहे, माझी काळजी करू नका.

शिवणाच्या खोलीत संध्याकाळी दिवे लागले की दाराच्या फटीतून उजेड येतो आणि क्षणभर वाटतं आई अजून मशिनवर बसलीय. कुलूप मीच लावलेलं असतं, तरी वाटतं. हे मीही सांगू नये असं ठरवलं होतं.

शनिवारी वारा नसला तर येतो.

एल्विन


लिटल हेक बेट
२९ नोव्हेंबर

एल्विन,

मागच्या फेरीला तू गेल्यावर लगेच धुकं आलं आणि मी तासभर धक्क्यावर उभी राहिले, तुझ्या इंजिनाचा आवाज येतो का ऐकत. मला ऐकू येत नाही हे मध्येच आठवलं. केंडलने धरून घरी आणलं. धरलं त्याने मला, पण कण्हला तोच. त्याची पाठ नावेतून टपालाची पोती उचलताना दिसायची, म्हणजे तो पोतं उचलायचा नाही, पोतंच त्याला वाकवायचं. डॉक्टरकडे जायला मेनलँडला जावं लागतं आणि तो गेला तर बोट कोण चालवणार? असा तिढा.

असो. त्यानंतरची गोष्ट चांगली आहे. गेले आठ-दहा दिवस तो ताठ चालतो. त्याची बायको शेली दुकानात सांगत होती की झोपसुद्धा लागते. मी काही विचारलं नाही आणि त्याने काही सांगितलं नाही, आमच्यात तशी रीत नाही. माझा पत्र्याचा निळा डबा मात्र परत आला, धुरावर सुकवलेल्या बांगड्यांनी भरलेला. चार दिवस खाल्ले. कोणाला आपला उपयोग झाला की जेवण कसं गोड लागतं ते मी विसरून गेले होते.

तू ये. मात्रा तीच.

व्हर्ना


टॅनर्स कोव्ह
११ जानेवारी २०१३

व्हर्नामावशी,

हे पत्र कधी पोचेल माहीत नाही. टपाल इथेच कचेरीत साठून राहिलंय. डाकबोट उभी आहे, आणि का उभी आहे ते तिथे कोणी तुम्हाला सांगितलं असेल की नाही याची मला शंका आहे.

कप्तानांची अधूनमधून लघवी तपासतात. कोणाची आणि कधी, ते आधी सांगत नाहीत. वॉशिंग्टनचा नियम आहे. नाताळच्या आधी केंडलचं नाव निघालं. त्यात गांजा निघाला. परवाना जप्त झालाय, पुढे सुनावणी होईल. तो शपथेवर सांगतो की त्याने आयुष्यात ओढलेला नाही. मला इंधनाच्या पंपावर भेटला तेव्हा रडत होता, आणि माझ्याकडे असा बघत होता की मी काहीतरी उत्तर द्यावं.

घरी येऊन मी तुमचं नोव्हेंबरचं पत्र पुन्हा वाचलं. मग ते शेगडीत घातलं.

कृपा करून मला काही लिहू नका. लोणी उरलं असेल तर समुद्रात टाका. बेटावर ज्याच्या झाडांचं औषध जातं असा काळजीवाहू मी एकटाच, तेव्हा चौकशीवाले माझ्याकडे येणारच. तुम्ही मला काही सांगितलेलं नाही आणि मी काही वाचलेलं नाही.

एल्विन


लिटल हेक बेट
१४ जानेवारी

एल्विन,

तुझं पत्र नाही. कोणाचंच नाही. हे हार्लनच्या हाती पाठवतेय, तो पिंजरे दुरुस्तीला तिकडे येतोय. डाकबोटीचं इंजिन गेलंय म्हणे. केंडल घराबाहेर पडत नाही, शेली दुकानात येते आणि मान खाली घालून जाते. मी खिडकीतून हात केला तर तिने बघितलं नाही. पाठ पुन्हा धरली असेल आणि काम बंद, त्यात हिवाळा. दुष्काळात तेरावा महिना.

मला करण्यासारखं होतं ते मी केलं. माझ्याकडे पुष्कळ शिल्लक होतं. काल निळा डबा काठोकाठ भरला, काकवी जरा जास्त घातली, आणि त्यांच्या पायरीवर ठेवून आले. त्या माणसाला दोन रात्री झोप लागू दे, मग इंजिनाचं तो बघेल.

तू कधी येतोस? तू नाही आणि बोट नाही. यंत्रातली बॅटरी संपलीय, नवी टपालाने यायची होती. आता मी आणि घड्याळ, आणि घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत नाही, नुसता लंबक हलताना दिसतो. इतकी एकटी मी लेस्टर गेला त्या वर्षीही नव्हते. लवकर ये.

व्हर्ना


टॅनर्स कोव्ह
२ फेब्रुवारी

व्हर्नामावशी,

आता दुसरी एक बोट पंधरा दिवसांनी टपाल घेऊन जाणार आहे, तेव्हा माझी दोन्ही पत्रं तुम्हाला एकदमच मिळतील. आधी जानेवारीचं वाचा.

वाचलंत? बसा थोडा वेळ. मग पुढचं.

दुसरा डबा केंडलने खाल्लेला नाही. त्याने वास घेतला, पहिल्या डब्याची चव आठवली आणि डबा सरळ अधिकाऱ्यांपुढे ठेवला. कोणी ठेवला ते त्याला माहीत नाही, म्हणजे तो तसं म्हणाला. निळा डबा कोणाचा हे बेटावर ज्याला माहीत नाही असा माणूस जन्मला नसेल. तरी तो म्हणाला नाही. आरोग्य खात्याचा माणूस मग माझ्याकडे आला. सभ्य माणूस होता, बूट दाराबाहेर काढले. मी त्याला सांगितलं की बिस्किटं मी केली आणि केंडलच्या पायरीवर मी ठेवली, त्याला न सांगता. माझी दोरी तो नेहमी धरतो, त्याची परतफेड म्हणून. खोटं बोलायची मला सवय नाही, पण हे खोटं निम्मं खरं होतं. झाडं माझी, लोणी माझं, आणि रुग्णाकडे किती उरतंय यावर लक्ष ठेवणं हे माझंच काम. मी मात्रा वाढवत गेलो आणि तुमच्या कपाटात बघितलं नाही.

माझं कार्ड गेलं. त्याच्यासमोर झाडं उपटली. त्याने मोजली, सहा. "बाकीच्या रुग्णांची कुठे?" म्हणाला. आता तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. बाकीचे रुग्ण नव्हतेच. चौघेही उन्हाळ्यातच त्या दुकानाकडे गेले. खोलीत फक्त तुमची सहा झाडं होती. तुमच्यासाठी कुलूप उघडायचो, पाणी घालायचो, तुमच्यासाठी होडी काढायचो. दिवस त्यावर चालायचा. आता दाराच्या फटीतून उजेड येत नाही.

तुमचा हक्क शाबूत आहे, ते मी दोनदा विचारून घेतलं. गावात एक निवृत्त परिचारिका आहे, जून बर्डेट, ती तुमची काळजीवाहू व्हायला तयार आहे. ती पाण्यात होडी घालणार नाही, तुम्हाला इकडे यावं लागेल. पण औषध बंद करू नका. तुमची आग तशीच आहे हे एवढंच मला सतत टोचतं.

मी येऊ शकणार नाही. हार्लनने निरोप पाठवलाय की हेकच्या धक्क्यावर आता माझी दोरी कोणी धरणार नाही. त्यांचं चूक नाही. त्यांची बोट गेली आणि कोणामुळे ते मी स्वतःच सांगितलंय.

काळजी घ्या.

एल्विन


लिटल हेक बेट
६ मार्च

एल्विन,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी पेटवली, कारण थंडीला माणसाच्या मूर्खपणाशी काही देणंघेणं नसतं.

आता माझं ऐक. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? माझी आग ऑगस्टमध्ये विझली. एका सकाळी सदरा घातला आणि काही झालं नाही. पुन्हा काढून पुन्हा घातला. काहीच नाही. मी आनंदाने रडले आणि मग घाबरले, कारण आग नाही तर औषध नाही, आणि औषध नाही तर तू नाहीस. तुझ्या सरकारी पत्रात कुठेही लिहिलं नव्हतं की पेशंट बरी झाली तरी तू येशील. म्हणून लिहीत गेले, आग तशीच आहे. तू आणत गेलास, मी कपाटात ठेवत गेले. आणि इथे जन्मलेल्या बाईला कपाटात काही शिल्लक बघवत नाही, एल्विन. जास्त झालं की ते पायरीवर जातं. बोटीत चढवू नका म्हणालास, मी बोटीत चढवलं नाही. कणसुद्धा कोणाला देऊ नका म्हणालास, ते मात्र मला औषधाच्या बाटलीवर कंपनी लिहिते तसलं वाटलं. केंडलला मदत केली असं मला वाटत होतं. खरं तर मी त्याला माझ्या एकटेपणातलं उरलेलं खायला घातलं.

सोमवारी गावसभा होती. दर मार्चला असते तशी, शाळेत, मुलींच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. रस्त्याच्या बर्फाचा विषय झाला, धक्क्याच्या फळ्यांचा झाला. मग हार्लन उठला आणि तुला या बेटावर पाय ठेवू देऊ नये असा ठराव मांडायला लागला. मी उभी राहिले. यंत्रात बॅटरी नव्हती, त्यामुळे मी किती मोठ्याने बोलले मला माहीत नाही. म्हटलं, "बिस्किटं माझी. डबा माझा. एल्विन डायर त्या पायरीजवळ कधी गेलाच नाही. तो माझ्यासाठी खोटं बोललाय आणि तुम्ही सगळ्यांनी निळा डबा ओळखूनही त्याच्यावर विश्वास ठेवलात, कारण तो बाहेरचा आणि मी इथली."

कोणी काही बोललं का ते मला ऐकू आलं नाही. शेली उठून मुलींना घेऊन बाहेर गेली.

मी खात्याला तेच लिहून दिलंय, आणि वॉशिंग्टनच्या त्या सुनावणीलाही, की कप्तानाला आपण काय खातोय ते माहीत नव्हतं. परवाना परत मिळेल की नाही, कोणी सांगत नाही. तुझं कार्ड देतील की नाही, तेही नाही. माझं कार्ड मी स्वतःच पाकिटात घालून पाठवलं. त्या जूनबाईला त्रास देऊ नकोस. केंडलची माणसं सुनावणीपर्यंत शेलीच्या आईकडे राहायला गेली. मंगळवारी गेली. शाळा बंद आहे. मास्तरीण खिडकीत बसून पुस्तकं खोक्यात भरते. मी तिच्या खिडक्या रंगवल्या होत्या ना, त्या फार छान दिसतात.

पायरीवर आता काही येत नाही. हार्लनची सुतळी नाही, कोणाची अंडी नाहीत. कोणी भांडत नाही, भांडले असते तर बरं वाटलं असतं. मंगळवारी सकाळी दार उघडलं तर निळा डबा होता. अधिकाऱ्यांनी परत दिला असेल, जाता जाता शेलीने ठेवला असेल. मी उचलला आणि तो हातात हलका लागला. उघडून बघितला. पुसून, धुऊन, रिकामा. या बेटावर रिकामा डबा परत आलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. होता तिथेच पुन्हा ठेवला. अजून तिथेच आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो.

आता तू माझा काळजीवाहू नाहीस आणि मी तुझी पेशंट नाही. तुला इथे यायचा हक्क नाही आणि जबाबदारीही नाही. यायचं काही कारण उरलेलं नाही, म्हणून विचारते, येशील का? धक्क्यावर तुझी दोरी मी धरीन. कूस दुखत नाही, मला वाकता येतं.

आणि एल्विन, हातात काही देऊ नकोस. आधी पायरीशी थांब. डब्यात काहीतरी घाल, सफरचंद घाल, खिळे घाल, काहीही चालेल. झाकण लाव आणि थोडा वेळ तसाच राहू दे, हार्लनच्या खिडकीतून दिसेल इतका वेळ. मग दार वाजव. जोरात वाजव, बॅटरी अजून आलेली नाही.

व्हर्ना